छोटा ब्रिस्टल

बदलीच्या नोकरीत घर मिळते, गल्ली मिळत नाही. सरकारी वसाहतीतील घराला क्रमांक असतो, त्या घरांचे वर्ग असतात, आणि आपला शेजारी कोण असावा हे आपल्या स्वभावापेक्षा आपली वेतनश्रेणीच ठरवीत असते. तीन वर्षांत वाण्याची ओळख होते न होते तोच पेट्या पुन्हा बांधाव्या लागतात. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी हा अनुभव घेतलेला असणार. तेव्हा त्याचे रडगाणे येथे गाण्याचे कारण नाही. सांगावयाचे ते एवढेच, की परमुलखात गेलेल्या मराठी अधिकाऱ्यास त्या त्या शहरात बहुधा तीनच दारे मोकळी असतात : कचेरीचे, महाराष्ट्र मंडळाचे आणि क्लबाचे. या तिन्ही दारांशी आपण कोण आहो हे सांगावे लागते. पहिल्या दाराशी हुद्दा, दुसऱ्या दाराशी गाव आणि आडनाव, आणि तिसऱ्या दाराशी हे सगळे सांगून वर गळ्यातील टायही दाखवावा लागतो.

कलकत्त्यात आम्ही 1986 ते 1989 अशी तीन वर्षे काढली. (2001 सालापासून या शहराचे नाव इंग्रजीतही कोलकाता झाले आहे, परंतु आमच्या जिभेचे वळण जुने आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) तेथे आम्हांस एक चौथे दार सापडले. ते एका गुत्त्याचे होते.

हा शब्द वाचून काही वाचक भिवया उंचावतील. पानगृह, मद्यालय असे सोज्वळ शब्द हाताशी असताना गुत्ता कशाला, असेही कोणी विचारील. परंतु पानगृहात टेबलावर फुलदाणी असते, आणि आम्ही ज्या जागेविषयी लिहीत आहो तेथे फुलदाणी ठेवण्यास जागाच नव्हती. होत्या त्या इतर माणसांच्या कोपरांच्या जागा.

चौरंगीवर, म्हणजे आताच्या जवाहरलाल नेहरू रस्त्यावर, धर्मतळ्याच्या नाक्याजवळ मेट्रो सिनेमाची इमारत आहे. ती 1935 सालची. मुंबईस धोबीतलावावर 1938 साली उघडलेल्या मेट्रोची ही थोरली बहीण. तिच्या कडेने आत जाणाऱ्या बोळाला लोक मेट्रो गल्ली म्हणतात, आणि त्या गल्लीत 1872 सालापासून शॉ यांचा बार आहे. पाटीवरील नावाने त्याला फारसे कोणी ओळखीत नाही. 'छोटा ब्रिस्टल' म्हटले की टॅक्सीवाला मान हलवितो. शॉ हे नाव वाचून कोणास बर्नार्ड शॉ आठवेल, पण कलकत्त्यात हे आडनाव अस्सल देशी आहे. साव, साहू यांचेच ते इंग्रजी लेखन. या दुकानाचे वय पाहिले म्हणजे शहरातील पुष्कळ 'पुरातन' गोष्टी पोरसवदा वाटू लागतात. घोड्यांची ट्राम शहरात पहिल्यांदा धावली ती 1873 साली, न्यू मार्केट उघडले ते 1874 साली, व्हिक्टोरिया मेमोरियल 1921 साली, आणि हावड्याचा प्रचंड पूल तर 1943 सालचा. ट्रामचे रूळ आज जवळजवळ सगळे निकामी झाले आहेत. 2024 साली सरकारने, मैदान ते एस्प्लनेड ही एक फेरी वारसा म्हणून ठेवून, बाकीच्या ट्राम बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. म्हणजे ट्राम येण्यापूर्वी हे दुकान होते, आणि ती जाण्यास निघाली तरी आहे.

आत पाऊल टाकल्यावर प्रथम काही दिसत नसे, फक्त ऐकू येई. उंच छत, त्यावर फिरणारे पंखे, आणि खाली शंभर माणसांनी एकाच वेळी चालविलेले संभाषण. त्याचा मिळून एक अखंड घोष होई, एखाद्या मोठ्या पंगतीत वाढप सुरू होण्यापूर्वी असतो तसा. रिकामे टेबल मिळण्याची कल्पनाच तेथे नव्हती. रिकामी खुर्ची दिसली की बसावयाचे, मग समोर कोणी का असेना. शेजारच्याने पेला दोन बोटे सरकवून जागा केली की स्वागत झाले. आमच्या टेबलाशी हायकोर्टातील एक वकील, ट्रामचा एक कंडक्टर आणि न्यू मार्केटातील एक कापडवाला असे त्रिकूट पुष्कळदा असे. मोहनबागान आणि ईस्ट बेंगाल या दोन फुटबॉल संघांवरून वकील व कंडक्टर यांचे जे हाडवैर होते ते पाहून, हे दोघे येथे एकत्र बसतात तरी कसे, असा प्रश्न नवख्यास पडावा. ईस्ट बेंगाल जिंकले की घरी हिलसा शिजावयाची आणि मोहनबागान जिंकले की कोळंबी, अशी त्या शहराची रीत आहे. तेव्हा त्या वादात मासेही ओढले जात. आम्ही मूळचे देशावरचे. दोन्ही मासे आम्हांस सारखेच काटेरी, असे म्हणून आम्ही तटस्थ राहत असू. कोळंबीस काटे नसतात हे कंडक्टरने आम्हांस निदान वीस वेळा सांगितले असेल.

आणि पैसे आधी. ही त्या जागेची घटनाच म्हणावयाची. पेला टेबलावर येई त्याच क्षणी त्याची किंमत वेटरच्या हातात पडली पाहिजे. दुसरा पेला, पुन्हा पैसे. शेवटी एकत्र बिल हा प्रकार नाही, वही नाही, 'लिहून ठेवा' नाही. वीस वर्षे येणाऱ्यालाही नाही आणि आज प्रथमच आलेल्यालाही नाही. आमच्या मनात ही पद्धत प्रथम खटकली. गिऱ्हाइकावर एवढाही विश्वास नसावा काय, असे वाटले. पुढे तिच्यातील सौजन्य लक्षात येऊ लागले. ज्या दुकानात उधारी नसते तेथे नाव सांगावे लागत नाही. कोणाचे काही देणे राहत नाही, म्हणून कोणी कोणाकडे उरलेल्या हिशेबाच्या नजरेने पाहत नाही. याच शहरात 1827 साली स्थापन झालेल्या बेंगाल क्लबाने पिढ्यानुपिढ्या देशी माणसास सभासद करून घेतले नाही, आणि त्या अपमानातून 1907 साली कलकत्ता क्लब निघाला. छोट्या ब्रिस्टलने तो प्रश्न, निदान पुरुषांपुरता, नाण्यावर सोडविला होता. हे 'पुरुषांपुरता' आम्ही पुढे पुन्हा घेऊ.

आमचे बालपण दारूबंदीत गेले. मुंबई राज्यात 1949 चा कायदा आला आणि मोरारजीभाईंच्या कारकीर्दीत त्याची अंमलबजावणी अशी कडक झाली, की आमच्या पिढीस दारू हा पदार्थ न दिसताच ठाऊक झाला : हातभट्टी, पोलिसांची धाड, आणि सायकलच्या ट्यूबमधून होणारी वाहतूक. आमच्या नात्यातील एका वृद्ध गृहस्थांस प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळाला होता. त्या परवान्याविषयी घरात ज्या हलक्या आवाजात बोलले जाई त्यावरून, परमिट हा एक असाध्य रोग आहे अशी आमची बरेच दिवस समजूत होती. पुढे कायदा सैल झाला, गावोगाव 'परमिट रूम' अशा पाट्या लागल्या, आणि आतमध्ये सगळा समाज बसू लागला. पण बसला तो अंधारात, गडद काचांच्या आड, दाराकडे पाठ करून. महाराष्ट्रात पिणाऱ्या माणसाची जी ओशाळी बैठक असते ती छोट्या ब्रिस्टलमध्ये नव्हती. लख्ख दिव्याखाली, मोठ्याने बोलत, कचेरीची पिशवी मांडीवर ठेवून लोक बसत आणि वेळ झाली की लोकल पकडण्यासाठी उठत.

आता एक खुलासा, कारण हे पान वाचणारे बहुतेक नियमांचे जाणकार आहेत आणि त्यांची लेखणी समासाकडे वळली असेल. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964, यांतील नियम 22 अन्वये सरकारी नोकराने सार्वजनिक जागी मद्यपान करू नये. सरकारनेच दिलेल्या स्पष्टीकरणानुसार केवळ सभासदांसाठी असलेला क्लब ही सार्वजनिक जागा नव्हे. मात्र सर्वसामान्यांस मद्य देण्याचा परवाना असलेला बार ही सार्वजनिक जागा होय. म्हणजे तोच पदार्थ टाय लावून घेतला तर वर्तणूक आणि कोपराला कोपर लावून घेतला तर गैरवर्तणूक. असो. आम्ही नियम बारकाईने वाचला तेव्हा असे आढळले, की तो पिण्याविषयी आहे, बसण्याविषयी नाही. कलकत्त्यात असेपर्यंत आम्ही त्या गुत्त्यात लिंबू पिळलेला सोडा प्यालो. वेटर आम्हांस सोडाबाबू म्हणत. एवढी गर्दीची खुर्ची सोड्यासाठी अडवावी याचे दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसे, पण पैसे आधीच मिळालेले असल्याने ते बोलून दाखवीत नसत.

आम्हांस तेथे प्रथम नेले ते आमच्या कचेरीतील बडोबाबूंनी. मराठीत ज्याला हेडक्लार्क म्हणावे त्याला बंगाली कचेरीत बडोबाबू म्हणतात, आणि हा नुसता हुद्दा नसून संस्था असते. आमचे बडोबाबू धोतर नेसत, वर पूर्ण बाह्यांचा सदरा घालीत, आणि आमच्या खोलीत एकदाही खुर्चीवर बसले नाहीत. आम्ही 'बसा' म्हटले की ते नकाराऐवजी फाइल उघडीत. लालदिघीच्या परिसरातील आमच्या कचेरीत जुन्या नोंदींचा ते चालता कोश होते. कोणत्या साली कोणत्या सचिवाने कोणते स्वल्पविराम घातले तेही त्यांस पाठ. 1985 पासून केंद्रीय कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला होता, त्यामुळे शुक्रवारी सायंकाळी कुलपे लागताना कचेरीभर एक प्रकारची पोरकट उल्हासाची लहर येई. अशाच एका शुक्रवारी, राजभवनाच्या कुंपणाकडेने धर्मतळ्याकडे चालत असताना, पुढे चाललेले बडोबाबू आमच्या बरोबरीस आले आणि म्हणाले, "स्यार, कलकत्त्यात येऊन आपण वर्ष काढले. व्हिक्टोरिया पाहिले, दक्षिणेश्वर पाहिले. आमची आणखी एक जुनी इमारत आहे."

त्या टेबलाशी ते आमच्यासमोर बसले. आम्ही त्यांस बसलेले प्रथमच पाहत होतो. माणूस बसला की केवढा वेगळा दिसतो! त्यांनी रम मागविली, स्वतःचे पैसे दिले, आमच्या सोड्याचे पैसे आम्हांस देऊ दिले. या बाबतीत ते कर्मठ होते. "येथे कोणी कोणाला पाजत नाही," असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, आणि दोन्ही बाजूंनी ते अखेरपर्यंत पाळले गेले. त्यांचा पेला आला तेव्हा आम्ही छतावरील पंख्याकडे पाहत होतो. नियम 22 त्यांनाही लागू होता, आणि त्यांच्या गोपनीय अहवालावर लिहिणारे आम्हीच होतो. म्हणजे एका ओळीने त्यांचे नुकसान करता येईल अशी वस्तू त्यांनी आपण होऊन आमच्या नजरेसमोर ठेवली होती. तिचा मोबदला म्हणून त्यांनी कधी काही मागितले नाही. कचेरीचा विषयही त्या टेबलावर काढला नाही.

विषय मग कोणते? बहुधा इतिहास आणि खाणे. 1742 साली मराठ्यांच्या भीतीने इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणावयास घेतला होता. वर्गींची, म्हणजे आपल्या बारगिरांची, धास्ती बंगालच्या अंगाईगीतांत आजवर उरली आहे. बडोबाबू सांगत, "आपली माणसे खंदकापर्यंत आलीच नाहीत. तो बुजवून आम्हांला रस्ते करावे लागले. एवढी माती फुकट गेली, आणि आता अडीचशे वर्षांनी एक वर्गी येतो तो सोडा पितो." कंडक्टर यावर टेबल बडवून हसे. चण्यावाला आला की शब्दांची देवघेव चाले. आपण ज्याला चकणा म्हणतो त्याला बंगाली माणूस चाट म्हणतो. उकडलेले चणे, त्यांवर आल्याचे तुकडे, मीठ आणि लिंबू. आल्याला ते आदा म्हणतात. हे फेरीवाले थेट टेबलांच्या मधून फिरत, आणि दोन खुर्च्यांच्या फटीतून डोक्यावरची परात न कलंडता ते कसे जात हे एक कोडेच होते. त्या वेळी गुरुवार कोरडा असे, म्हणून शुक्रवारी गर्दी दुप्पट.

एकदा बडोबाबूंनी आम्हांस आणखी खालच्या पायरीवरील तीर्थ दाखविले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी रस्त्याने राणी रासमणींच्या जानबाजारावरून रफी अहमद किडवाई रस्त्याकडे गेले की खालासीटोला लागतो. खलाशी हा शब्द आपलाच. टोला म्हणजे वस्ती, भंडारा-गोंदियाकडील वाचकांस तोही परका नाही. तेथे देशी दारू मिळते, तिला नुसते 'बांगला' म्हणतात, आणि बाकांवर बसून ती प्यावयाची. कमलकुमार मजुमदारांसारखा अत्यंत अवघड गद्य लिहिणारा लेखक आणि शक्ती चट्टोपाध्याय, सुनील गंगोपाध्याय यांच्यासारखे कवी त्या बाकांवर बसून गेले. शक्तींना 1983 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीत कवी गुत्त्यात गेला तर त्याच्या चरित्रकारास ते झाकावे लागते; बंगाल्यात न गेला तर चरित्रकाराला कारण द्यावे लागेल की काय असे वाटते. आम्हांस मात्र खालासीटोला मानवला नाही. तेथे सोडा मागणे हे देवळात जोड्यांसह जाण्यासारखे झाले असते.

त्या वर्षांत वीज जाणे हा कलकत्त्याचा नित्यक्रम होता. एका पावसाळी शुक्रवारी दिवे गेले. तो अखंड घोष एकाएकी थांबला. पंखे मंदावत थांबताना त्यांची कुरकुर तेवढी ऐकू आली. मग कोठेतरी काडी ओढली गेली, दोन-तीन मेणबत्त्या लागल्या, आणि घोष पुन्हा सुरू झाला, थोडा खालच्या पट्टीत. वेटर अंधारात पेले आणीत होते. टेबलापाशी एक हात पुढे येई. त्या हातात पैसे ठेवावयाचे आणि मोड परत घ्यावयाची, ती बोटांनी चाचपून. आमच्या हातात आलेली मोड आम्ही दिवे आल्यावर मोजली. बरोबर होती. कापडवाल्याने आपली मोजलीच नाही. त्याला आमचे मोजणे पाहून मौज वाटली असावी.

1987 च्या अखेरीस आमच्या टेबलावर, म्हणजे कचेरीतील टेबलावर, एक शिस्तभंगाची फाइल आली. दुसऱ्या शाखेतील एका तरुण कारकुनाने प्रवासभत्त्याच्या बिलात पहिल्या वर्गाचे भाडे दाखवून प्रवास दुसऱ्या वर्गाने केला होता. रक्कम किरकोळ, पुरावा स्पष्ट. फाइल नेहमीप्रमाणे बडोबाबूंनीच मांडली : पाने शिवलेली, संदर्भांना चिठ्ठ्या लावलेल्या, नियमांचे उतारे समोर. ती आमच्याकडे पंधरा दिवस होती. त्या पंधरा दिवसांत दोन शुक्रवार आले. दोन्ही शुक्रवारी आम्ही छोट्या ब्रिस्टलमध्ये समोरासमोर बसलो. बडोबाबूंनी मोहनबागानच्या मधल्या फळीविषयी आपली मते मांडली, चणे आमच्याकडे सरकविले, आणि वेळ झाली तेव्हा सियालदहची गाडी पकडण्यासाठी उठले. पंधराव्या दिवशी आम्ही दोन वेतनवाढी रोखण्याचा आदेश लिहिला. 1965 च्या नियमांत ती सौम्य शिक्षांपैकी एक आहे. आजही तो कागद समोर आला तर आम्ही तेच लिहू.

आदेश गेल्यानंतर चार दिवसांनी शाखाधिकाऱ्याने सहज बोलता बोलता सांगितले, की तो तरुण बडोबाबूंचा भाचा. बाप लहानपणीच गेलेला; वाढला तो मामाच्याच घरी.

त्या शुक्रवारी राजभवनाच्या कुंपणापाशी आमची पावले जड झाली. जावे की न जावे? न जाणे म्हणजे काहीतरी घडले आहे असे जाहीर करणे. जाणे म्हणजे समोर बसणे. गल्लीच्या तोंडाशी बडोबाबू नेहमीच्या ठिकाणी छत्री टेकून उभे होते. आत गेलो. त्यांची रम आली, आमचा सोडा आला. त्यांनी त्यांचे पैसे दिले, आम्ही आमचे. चणे आले. वकील आणि कंडक्टर भांडले. अर्धा पेला संपल्यावर बडोबाबू पुढे वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "स्यार, त्या आदेशात टंकलेखकाने साल चुकीचे टाकले आहे. 87 ऐवजी 78 पडले आहे. सोमवारी शुद्धिपत्रक मांडतो."

त्या टेबलावर कचेरीचा विषय निघाला तो एवढाच. सोमवारी शुद्धिपत्रक आले, आम्ही सही केली. त्या चुकीच्या सालाचा आधार घेऊन तो आदेश चांगला वर्षभर लोंबकळत ठेवता आला असता, हे त्यांच्याइतके त्या कचेरीत कोणास ठाऊक नव्हते.

ते 1988 साली सेवानिवृत्त झाले. आम्ही पुढच्या वर्षी दिल्लीस गेलो, आणि तेथून आणखी चार गावे फिरलो. 1994 साली एक पोस्टकार्ड कचेरीच्या पत्त्यावरून पत्त्यावर फिरत आमच्याकडे आले. भाच्याने मामांच्या निधनाचे कळविले होते, तीन ओळींत. सहीखाली हुद्दा लिहिलेला होता. त्यास बढती मिळालेली दिसली.

आता त्या 'पुरुषांपुरता'कडे. आमची सौभाग्यवती त्या शुक्रवारी न्यू मार्केटात खरेदी करून साडेसातला मेट्रोच्या सज्जाखाली आम्हांस भेटे, आणि आम्ही मिळून हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात कोणाकडे तरी जात असू किंवा घरी परतत असू. एकदा अवेळी पाऊस आला आणि ती आडोशासाठी गल्लीत शिरली. छोट्या ब्रिस्टलच्या दारासमोर दहा-पंधरा मिनिटे उभी होती. स्त्रियांस आत घेत नसत. दारातून तिला पंखे दिसले असतील, आणि माणसांच्या पाठी. घरी जाताना तिने विचारले, "अहो, आत असते तरी काय?" आम्ही उत्साहाने वर्णन केले : तेथे कोणी हुद्दा विचारीत नाही, जात विचारीत नाही, वकिलाशेजारी कंडक्टर बसतो, तू कोण म्हणून कोणी विचारीत नाही.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "आत विचारीत नसतील. मला दारातच विचारले."

आम्ही खिडकीबाहेर पाऊस पाहू लागलो. तीस-पस्तीस वर्षांत या वाक्यावर आम्हांस उत्तर सुचलेले नाही, आणि आता ते शोधण्याचे कारणही उरलेले नाही. कारण अलीकडच्या वर्षांत त्या दाराने आपला नियम बदलला आहे. ही बातमी तिनेच वर्तमानपत्रात वाचून आम्हांस दाखविली. कात्रण कापून ठेवले नाही. परंतु गेल्या हिवाळ्यात एका लग्नानिमित्त कलकत्त्यास जाणे झाले तेव्हा, कोठे कोठे जावयाचे याची यादी करताना, दक्षिणेश्वराच्या खाली तिने आपल्या हाताने 'मेट्रो गल्ली' असे लिहिले.

मेट्रोचा दर्शनी भाग आहे, आतील जुना सिनेमा गेला. जमिनीखालून धावणारी रेल्वे आमच्या वेळीही होती, 1984 पासून. आता तिचा पसारा ओळखू येत नाही. गल्ली मात्र होती तेवढीच अरुंद. आत शिरलो तेव्हा तोच घोष कानांवर आदळला, आणि क्षणभर दिसेनासे झाले. खुर्च्या दोन मिळाल्या, पण समोरासमोर नव्हे. एका टेबलाच्या कडेला एक आणि कोपऱ्याशी एक. टेबलावर आधी बसलेल्यांत एक तरुणी होती, पाठीवरची कचेरीची पिशवी मांडीवर घेऊन, बरोबरीच्या दोन तरुणांशी कसल्याशा कामाविषयी तावातावाने बोलत असलेली. तिने बोलणे न थांबविता आपला पेला दोन बोटे सरकवून सौभाग्यवतीस जागा करून दिली.

वेटर अनोळखी होता. आमच्या वेळचे वेटर आज असते तर शंभरीकडे झुकले असते. त्याने आमच्याकडे पाहिले. सेवानिवृत्तास वर्तणूक नियम लागू नाहीत, याची आम्ही मनाशी पुन्हा एकदा खात्री करून घेतली आणि रम मागविली. सौभाग्यवतीने लिंबू-सोडा मागितला. रमला औषधांच्या कपाटासारखा वास होता. दोन घोट घेतले. तिसरा काही केल्या घेववेना. तो पेला तसाच समोर राहिला.

चण्यावाला आला. तिने आले जास्त मागितले, 'आदा' हा शब्द तिला आठवला याचे आम्हांस नवल वाटले. चणे खात ती बराच वेळ इकडेतिकडे पाहत होती : पंख्यांकडे, त्या तरुणीकडे, कोपऱ्यात एकटेच बसलेल्या एका वृद्धाकडे.

"इतकेच?" तिने विचारले.

"इतकेच."

"बडोबाबू कोठे बसायचे?"

आम्ही सभोवार पाहिले. टेबले सरकली असतील, खुर्च्या तर नक्कीच बदलल्या असतील. "तू बसली आहेस तेथे असतील," आम्ही म्हणालो, "किंवा तिकडे. येथे कोणाची जागा ठरलेली नसते."

तेवढ्यात तिचा सोडा आला. आम्ही खिशात हात घातला, पण वेटर तिच्यासमोर उभा होता, तळहात पुढे करून. तिने पर्स उघडली.